साडूभाऊ क्रँक पाहायला जातात

माझ्या साडूभाऊंनी आयुष्यात एकही वस्तू विकत घेतलेली नाही. त्यांनी प्रत्येक वस्तूची सोयरीक जमवली आहे. आधी चारचौघांत विषय काढायचा, मग घराण्याची चौकशी, मग पाहणं, मग पुन्हा पाहणं, मध्येच कुणीतरी काहीतरी कानावर घालतं म्हणून सगळं फिसकटणं, आणि शेवटी सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला की शांतपणे होकार. छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा शहाद्यातल्या दुकानात ते त्या पंख्याखाली खुर्ची टाकून दुपारभर झोपले होते. उठल्यावर म्हणाले, "वारा चांगला शे, पन आवाज करस." मिक्सर घ्यायला जाताना घरून मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे घेऊन गेले आणि दुकानदाराकडून ओळीने सगळ्या मिक्सरांवर चटणी वाटून घेतली. त्या दुकानात नंतर आठवडाभर मोबाइल घ्यायला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा शिंकत होती. मिक्सर त्यांनी दुसऱ्याच दुकानातून घेतला. पहिल्या दुकानाच्या पायरीवर मी उभा होतो, आणि दुकानदार ज्या नजरेने पाहत होता ती नजर माझ्याकडे होती. साडूभाऊ मजेत पुढे निघून गेले होते. असं नेहमी होतं. करतात ते, आणि शरमतो मी.

मलासुद्धा त्यांनी असंच पारखलेलं आहे. माझं लग्न जमत होतं तेव्हा घरातले थोरले जावई म्हणून मला पाहायला तेच आले. पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. लोणखेड्याला स्वतःच्या मळ्यात नेलं आणि जुन्या डिझेल इंजिनाचं हँडल हातात दिलं. "मारा." मी मारलं. इंजिन हललं नाही, माझा खांदा हलला. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा ते धूर सोडून सुरू झालं, आणि त्यांनी सासऱ्यांना निरोप दिला, "पोऱ्या दमस, पन सोडत नही." हे प्रशस्तिपत्र अजून सासुरवाडीत माझ्या नावापुढे लावतात. ते केळी-पपईचे बागायतदार, मी शाळेच्या ऑफिसातला कारकून. दोन जावयांत कोण उजवं ते सासुरवाडीत कुणी बोलून दाखवत नाही, पण पाट मांडताना कळतं.

तर अशा माणसाच्या डोक्यात पॉवर मीटर घालण्याचं पाप माझं आहे. ते मी इथे कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचा वैताग मला मोकळेपणाने सांगता येईल.

झालं असं, की त्यांच्या मुलाने पुण्याहून वळलेल्या हँडलची, बारीक चाकांची सायकल पाठवली होती. साडूभाऊ रोज पहाटे ती घेऊन म्हसावदपर्यंत जाऊन येत आणि मी माझ्या साध्या सायकलवरून त्यांच्या मागे धापा टाकत असे. एकदा तर ते तोरणमाळचा अख्खा घाट पाय न टेकता चढले. मग केळीचे घड भरताना ते ट्रॉलीवरून पडले. डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. पाय प्लॅस्टरमधून बाहेर आला तेव्हा उजव्याच्या निम्माच दिसत होता. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, येईल तेवढी ताकद येईल. साडूभाऊंनी विचारलं, "तेवढी म्हंजे केवढी?" डॉक्टर हसले. साडूभाऊ हसले नाहीत. त्यांना तोरणमाळचा घाट पुन्हा चढायचा होता आणि हा पाय तिथवर नेईल की नाही, हे त्यांना आजच कळायला हवं होतं. त्यांचा उतरलेला चेहरा मला पाहवेना, म्हणून मी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सायकलचं पायडल ज्या दांड्याला बसतं तो क्रँक. आपण जोर दिला की तो दांडा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, आणि त्यातलं यंत्र ते वाकणं मोजून आपली ताकद वॅटमध्ये हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दाखवतं. मी आपला वेळ घालवायला दाखवला होता. साडूभाऊ खाटेवर उठून बसले. "लोखंड वाकस?" म्हणाले. तिथून पुढे माझ्या घरात सुखाची सकाळ उगवलेली नाही.

या मीटरमध्ये दोन जाती निघाल्या. एक फक्त डाव्या क्रँकवर बसतो, डाव्या पायाची ताकद मोजतो आणि तिची दुप्पट करून दोन्ही पायांची म्हणून सांगतो. दुसरा दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजतो आणि कुठला पाय किती ओढतो तेही दाखवतो. तो महाग. पण साडूभाऊंना किमतीचं काही नव्हतं, त्यांना खोटेपणाचा राग आला. "डावाले इचारस आनि उजवानं पन लिखी लेस? हाई कसं मीटर? असं तं आम्हना पटवारी बी करत नही!" मी म्हटलं, मग दोन्ही पायांचा घ्या. "घेऊत. पन चौकशी करीसन."

चौकशी सुरू झाली. म्हसावदच्या व्याह्यांना विचारलं, त्यांनी ट्रॅक्टरचा क्रँकशाफ्ट समजून तासभर सल्ला दिला. खापर गावाला लग्नात गेलो तर तिथे अक्षता पडायच्या आधी मांडवात हाच विषय. शहाद्यातले आमचे सायकलवाले मुनीरभाई, ज्यांच्या वडिलांनी माझ्या शाळेच्या सायकलची पंक्चरं काढली, ते तर साडूभाऊंची सावली दिसली की शटर अर्धं खाली ओढायला लागले. साडूभाऊ त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत जात. मांडीत सळई असलेला माणूस, पण तेवढ्यासाठी वाकत. "भाई, ऊनमां लोखंड फुगस ना? मंग वैशाखमां हाई मीटर काय सांगी?" शेवटी मुनीरभाई माझा हात धरून म्हणाले, "सर, इनको समझाओ. लोहा नहीं वाकता, मेरा दिमाग वाकता है."

पुण्याच्या एका विक्रेत्याला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो, दुर्दैवाने. आमच्याकडे ओळखीच्या दुकानातून पाच-सहा साड्या पसंतीला घरी आणतात, आवडेल ती ठेवतात, बाकीच्या परत जातात. साडूभाऊंनी त्याच हक्काने सांगितलं, "दोन्ही जातना पाठी द्या पसंतीले. घरमां दखाडतो, एक ठेवतो, एक वापस." पलीकडून तो विक्रेता अतिशय सभ्य आवाजात म्हणाला, "काका, घरी कुणाला दाखवायचाय?" साडूभाऊंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "असं काबरं इचारस तो?"

घरी ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माले देखाले उनथात तवय एक कप चहामां हो म्हनात. आनि हाऊ एक दांडा, त्यानासाठे उन्हाळा गया, पानकळा गया."

"तुन्हामां दोन जाती नव्हत्यात," साडूभाऊ म्हणाले.

मी चिडत होतो, हे लपवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी "सुरतले जाऊत, तठे दुकानमां दोन्ही ठेयेल शेतस" असं जाहीर केलं तेव्हा मी तोंडावर सांगितलं, भाऊ, मी येणार नाही. ते उठले. जिन्यावरून डावा पाय आधी खाली ठेवून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरू लागले. मी वरून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत त्यांच्या शेजारी मीच होतो, आणि पायाशी कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक लोखंडी वजन होतं. वजन कशाला, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी उशिरा कळलेल्या बऱ्या.

सुरतच्या त्या चकचकीत दुकानात शिरताच, मीटर खरं बोलतो का ते पाहायला, त्यांनी ते वजन दोरीने एका सायकलच्या पायडलला लटकावलं. दुकानातला तरुण धावत आला. मी भिंतीवरची हेल्मेटं पाहू लागलो, मी यांच्याबरोबर नाहीच अशा अंगाने. पण तो तरुण पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, बराबर किया. कंपनीवाला भी ऐसे ही चेक करता है." त्यानंतर साडूभाऊंना आवरणं देवालाही शक्य नव्हतं. त्यांनी पायजम्याला कपड्यांचे चिमटे लावले आणि स्टँडवर बसवलेल्या पहिल्या सायकलवर चढले. तिच्यावर डाव्या पायाचा मीटर होता. आकडा चौऱ्याऐंशीवर स्थिरावला. मग उतरून दुसरीवर, दोन्ही पायांच्या मीटरवर. तोच जोर, तोच घाम, आणि आकडा एकशे दहा. साडूभाऊ खुलले. "देखा साडूभाऊ! मन्हा सव्वीस वॅट तो डावावाला खाई गयथा!"

त्या तरुणाने मदत म्हणून पडद्याचा खालचा भाग बोटाने दाखवला. "काका, ये देखो. डावा अडतीस टका, जमणा, राइट, बासठ टका. आपका लेफ्ट तो काम ही नहीं करता." त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. त्याला सळईचं काय ठाऊक?

साडूभाऊ पायडल मारत राहिले. आधी हळू, मग दात आवळून जोरात. डाव्याचा आकडा चाळीस झाला, एकेचाळीस झाला, पुन्हा अडतीस. घाम नाकावरून पडद्यावर पडला. मग ते थांबले, उतरले आणि चिमटे काढून खिशात ठेवले. मला वाटलं, आता पुन्हा चौकशी, पुन्हा सुरत, पुन्हा मुनीरभाईंचं शटर. वैतागून मी बाहेर जायला वळलो, तेवढ्यात ते म्हणाले, "डावावाला द्या."

"काका, वो तो कम दिखाएगा."

"दखाडू दे."

गाडीत मी विचारलं. नाही विचारलं असतं तर मी उरलेलं आयुष्य त्या प्रश्नाचा विचार करत बसलो असतो. इतके महिने ज्याला खोटारडा म्हणालात, तोच कसा घेतलात? नवापूरचा घाट लागल्यावर त्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, "तुम्ही शाळामां शेतस. दोन पोऱ्या ऱ्हातस. एक हुशार, एक कच्चा. कच्चाले रोज दुसराना मार्क दखाडात तं तो शिकस का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग. उजवानी माले काळजी नही. ज्यानी काळजी शे, त्यालेच रोज इचारसू."

सासुरवाडीत इतकी वर्षं माझ्या पाटाचं जे काही होतं ते होतं, पण या माणसाने एकदाही स्वतःचा पाट माझ्या पाटापुढे सरकवून घेतला नव्हता. हे मला नवापूरच्या त्या वळणावर पहिल्यांदा लक्षात आलं, आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही त्या एका पायाला विचारायला जात होतो. आकडा वाढला, मग हट्टाने एका जागी बसला. थंडी सरत आली तेव्हा साडूभाऊ म्हणाले, आता जाऊन पाहू. सायकली पिकअपमध्ये टाकून आम्ही तोरणमाळच्या पायथ्याशी उतरलो. पहिला चढ त्यांनी चांगला काढला. दुसऱ्यावर सायकल डोलायला लागली. पडद्यावरचा आकडा जिन्यावरून घरंगळावा तसा उतरत होता. एका वळणावर त्यांनी डावा पाय टेकला आणि तो थरथरत असल्यामुळे हँडलला घट्ट धरून उभे राहिले. मी मागून येत होतो. माझ्या अंगात दम होता, पुढे जाता आलं असतं. मी उतरलो.

"तुम्ही चला ना," ते म्हणाले.

"माझी साखळी कुरकुरते," मी म्हटलं. जगातली प्रत्येक वस्तू तपासणाऱ्या त्या माणसाने माझी साखळी मात्र तपासली नाही.

आम्ही सायकली हातात धरून चालू लागलो. खाली लाकडाच्या मोळ्या घेऊन बायका उतरत होत्या. वर जाणाऱ्या एका जीपच्या ड्रायव्हरने हाक दिली, "बाबा, बठी जा, टपवर लटकाडी देतो सायकली!" साडूभाऊंनी हात हलवून त्याला जाऊ दिलं. पायडल फिरत नव्हतं, त्यामुळे मीटरवर काहीच येत नव्हतं. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "झोपी गया," म्हणाले, आणि डावा पाय जरासा ओढत पुढे निघाले. वळणावर बसून आम्ही गुळाचे खडे खाल्ले. खाली सपाटीवर केळीचे हिरवे तुकडे दिसत होते. त्यांतला स्वतःचा मळा कुठला, हे इतक्या लांबून कळणं शक्य नव्हतं. तरी ते बराच वेळ शोधत होते. मग आम्ही तिथूनच परत फिरलो.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, "कथलोंग गयथात?" मी साडूभाऊंकडे पाहिलं. विजेच्या बिलातलं एक युनिट जास्त दिसलं तर ऑफिस गाठणारा माणूस. आता कितवं वळण, किती चढ, किती वॅट, सगळं येईल म्हणून मी वाट पाहत होतो.

ते खाटेवर बसून डावी मांडी दाबत होते. "बराच वर गऊत आम्ही," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "बरेच वर."