माफीवर पहारा

माझी सून मुखदुर्बळ. दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली, ओठांत दोरा. ओठांत दोरा आहे म्हणून बोलत नाही, असं लोक समजायचे. मी नाही समजले. गप्प माणसाच्या पोटात काय शिजतंय, ते कुणाच्या बापाला कळत नाही.

माझा लेक गॅरेजात कामाला होता. तिथल्याच वेल्डरशी पान्यावरून बाचाबाची झाली आणि त्या मेल्याने तोच पाना माझ्या लेकाच्या डोक्यात घातला. फाशीची शिक्षा झाली. आमच्या देशातला शरियतचा कायदा असा, की मेलेल्याच्या एका जरी वारसाने माफ केलं तरी फाशी टळते. लेकाला मूलबाळ नव्हतं. वारस दोघीच, मी आई आणि ती बायको. म्हणजे मी कितीही ताठ राहिले तरी सून पाघळली की संपलं. तेव्हापासून मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला.

मग एकेक जण यायला लागला. मानवी हक्कांची वकीलबाई आली. म्हणाली, जगण्याचा हक्क सगळ्यांना, गुन्हेगारालासुद्धा, सरकारनेही तो काढून घेऊ नये. मागोमाग मौलवीसाहेब. जिवाच्या बदल्यात जीव मागायचा तुमचा हक्क आहेच, म्हणाले, पण माफी त्याहून मोठी. ज्याने एक जीव वाचवला त्याने सगळ्या माणसांना वाचवलं, असं कुराण सांगतं. दोघांची पुस्तकं वेगळी, बोट मात्र एकाच ओळीवर. मला दाट संशय, दोघांना धाडणारा एकच. मी दोघांनाही एकच विचारलं, माझ्या पोराच्या जगण्याचा हक्क तेव्हा कुठे गेला होता? वकीलबाईने आपले कागद पिशवीत भरले. मौलवीसाहेब चहा न घेताच उठले.

सून मशीन चालवत राहिली.

आणि एक दिवस वेल्डरची बायको आमच्या मागच्या दाराने बाहेर पडताना दिसली. मी सुनेला फैलावर घेतलं. तिने शाळेचा एक निळा फ्रॉक पुढे केला. म्हणाली, पोरगी उंच झालीय, खालची दुमड उसवून द्यायचीय. मला काय दूधखुळी समजते? फ्रॉकच्या आडून सौदा चाललाय, हे मी धरूनच चालले. तसं तिला तोंडावर बोललेही.

शेवटी तुरुंगाच्या कचेरीत बोलावणं आलं. साहेबाने आधी सुनेला विचारलं, माफ करता का. ती म्हणाली, "नाही."

मी चाटच पडले. का गं, असं विचारलं.

"माझ्या मनात माफी आहे, अम्मी," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मी माफ केलं तर हिने माझा लेक विकला, असं तुम्ही जन्मभर म्हणाल. मला तुमच्याच घरात राहायचंय."

म्हणजे तो माणूस माझ्या संशयापायी लटकणार होता. माझ्या रागापायी लटकला असता तर मला चाललं असतं. संशयापायी नाही. साहेब आता माझ्याकडे बघत होता.

"माझं लिहा," मी म्हटलं. "माफ."

मनातून अजून केलेलं नाही, खोटं कशाला बोलू. तो तुरुंगात आहे, जिवंत आहे. परवा त्याची बायको तोच फ्रॉक पुन्हा आखूड झाला म्हणून घेऊन आली. सून बाजारात गेली होती. बाईला मी आत ये म्हटलं नाही. फ्रॉक घेतला, चष्मा लावला आणि उरलेली दुमड उसवायला बसले.