झुंबरअक्कांचा लाल गालिचा

जळगावात आमच्या शेजारी झुंबरअक्का राहत. माहेर धुळ्याकडचे, सोनगीरजवळच्या खेड्यातले. लग्नाला किती वर्षे झाली तरी बोलणे अहिराणीच. घरात कापसाचा व्यापार, म्हणून बसायला कायम सुती सतरंज्या. सतरंजी उलटी टाका, सुलटी टाका, कोणत्याही बाजूने पाहा, ती तशीच दिसते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला.

१९३४ साली भुसावळचा एक रेल्वेसाहेब विलायतेला परतला, तेव्हा त्याच्या बंगल्यातले सामान लिलावात निघाले. अक्कांचे यजमान रुपचंदनाना तिथून एक लोकरी गालिचा घेऊन आले. एकेक गाठ हाताने मारलेली, डाळिंबी रंग, काठाला निळी पाखरे. अक्कांनी बैठकीची खोली त्याच्याभोवती नव्याने मांडली. भिंतीकडेची बंगई, म्हणजे आमच्याकडचा झोपाळा, पुसून चकचकीत केली. आणि गालिचा मळू नये म्हणून त्यावर जुनी सतरंजी अंथरली! पाहुणे आले की ती उचलायची, गेले की पुन्हा घालायची.

एका माणसासाठी मात्र सतरंजी रोज निघे. ते माणूस म्हणजे हमीदा, रफूगार युसूफची बायको. दुपारी ती येई आणि दारालगत टेकून बसे. समोर बंगईवर अक्का. मी मधे कुठेतरी. दोघी गालिच्याकडे पाहत सुपाऱ्या कातरत.

पुढल्या वर्षी उंदरांनी गालिच्याचा कोपरा कुरतडला. अक्कांनी तो युसूफकडे दिला. त्याने इतका बेमालूम भरला की जागा सापडेना. परत आणल्यावर नव्या गाठींवर पाय पडू नयेत म्हणून त्याने तो कोपरा कपाटाखाली जाईल असा गालिचा फिरवून घातला. अक्का बंगईवर बसल्या आणि पाहतच राहिल्या.

"हाऊ मना गालिचा नही शे. मना लाल व्हता. हाऊ त गुलाबी!"

"नक्षी तीच शे ना?" नाना म्हणाले.

"साहेबकडे जोडीना दुसरा व्हई. लाल ठेवा, गुलाबी दिधा," अक्का म्हणाल्या.

कुणी ठेवला ते त्या बोलल्या नाहीत. पण सुनेने ऐकले, सुनेकडून गल्लीने. युसूफच्या दुकानात येणाऱ्या शालू-शाली चार दिवसांत थांबल्या. हमीदाही यायची थांबली. मी बंगईपाशी उभी राहिले तर मलाही गालिचा फिका वाटला. दारातून निघताना वळून पाहिले तर लाल. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी रंग दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला.

आठवड्याने हमीदा आली, तेव्हा मीही तिथे होते. सवयीने दारातच बसली.

"अक्का, साफ बोलो. मेरे मर्द ने बदला क्या?"

"मना डोया काय फुटनात? दख, कसा फिका शे!"

"फिका? अनार के जैसा लाल है. कसम से!"

"लबाड!"

"तुम लबाड!"

अक्का तावातावाने उठल्या. हमीदाला हाताला धरून आपल्या जागी ओढून आणण्यासाठी त्या दारापर्यंत गेल्या, खाली वाकल्या, तिला ओढत वळल्या आणि तशाच थांबल्या. गालिचा लाल होता. परत बंगईपाशी आल्या, गुलाबी. पुन्हा दाराशी. हमीदाही उठली, बंगईपाशी जाऊन आली. तिचे तोंड उघडेच.

"हाऊ मनासंगे खेळस का?" अक्का म्हणाल्या.

हमीदाने गालिच्यावर हात फिरवला. एकीकडून मांजरीच्या पाठीसारखा मऊ, उलटा फिरवला की लव उभी राही आणि रंग बदले. युसूफने गालिचा फिरवला तेव्हा बाजू बदलली, इतके कळले. पण मग आजवर आपण एकमेकींना कोणता रंग छान म्हणत होतो, हे तिघींनाही सांगता येईना.

अक्कांनी माफी मागितली नाही. मात्र त्याच संध्याकाळी त्या स्वतः डोक्यावर पदर घेऊन युसूफच्या दुकानात आपला ठेवणीतला शालू रफूला देऊन आल्या, भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असा हातावर टाकून.

गालिचा त्यांनी फिरवला नाही. फिरवला असता तर हमीदाचा फिका झाला असता. दुसऱ्या दिवसापासून त्याच दारालगत हमीदाशेजारी बसू लागल्या.

"घरनी मालकीन दारमा का बसनी?" नानांनी विचारले.

"आठे रंग भेटस," त्या दारालगतच्या जागेवर थाप मारत म्हणाल्या, आणि हमीदाच्या हातातला अडकित्ता काढून घेतला.