पाय धुवायला पाणी

नवेगाव बांधच्या आमच्या नव्या घराची आठवण म्हटली की मला आधी फरशीच दिसते. पांढरी, गुळगुळीत. दुपारचं ऊन दारातून तिच्यावर पडलं की सगळी खोली उजेडात तरंगल्यासारखी वाटायची आणि मी ते बघता बघता झोपी जायचो. कॉलेजच्या सुट्टीत माझा एवढाच उद्योग. मास्तर असलेल्या बाबांनी बँकेचं कर्ज काढून घर बांधलं होतं आणि बँकेने त्यासोबत घराचा विमाही गळ्यात मारला होता.

शेजारची मोठीमाय नात्याने आमची कुणीच नव्हती. एकटी म्हातारी, सकाळचा चहा आमच्याकडे, रात्रीचं जेवणही आमच्याकडे. रोवणीच्या दिवसांत एकदा ती धानाच्या बांधीतून आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. आईचा जीव फरशीत. तिने दारातच पाण्याचा गडवा ठेवला. मोठीमायने पाय धुतले, ओल्या पायांनी आत आली आणि घसरली. पाय मोडला. आईने तिला तिच्या रिकाम्या घरी जाऊच दिलं नाही, आमच्या खाटेवर निजवलं. प्लास्टर घालूनही हाड जुळेना. ऑपरेशन झालं नाही तर ही चालणार नाही, डॉक्टरांनी सांगून टाकलं.

एवढा खर्च ना तिला झेपणार होता, ना आम्हाला. पण घरात बाहेरचं माणूस जखमी झालं तर त्या विम्यातून खर्च मिळतो, असं कळलं. बाबांनी झोकात अर्ज लिहिला आणि त्यात घातलं, 'या आमच्या घरच्यासारख्याच आहेत.' झालं! कंपनीने तेच धरून ठेवलं. घरच्या माणसाला भरपाई नाही.

पुष्कळ पत्रापत्रीनंतर गोंदियाहून एक साहेब चौकशीला आले. भले गृहस्थ होते. ऊन तसंच फरशीवर पसरलेलं, मोठीमाय खाटेवर डोळे मिटून पडलेली. साहेबांनी आईला विचारलं, "त्या दिवशी यायले पाय धुवाले पानी देल्लं होतं का?"

"देल्लं होतं."

"मंग? घरच्या मानसाले कोनी पानी देते का? पाहुन्यालेच देते ना?"

पाणी फरशीसाठी होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईने एकदा खाटेकडे पाहिलं.

"हो जी," ती म्हणाली. "पाहुनीच होय ते."

साहेबांनी लिहून घेतलं, काम होऊन जाईल म्हणाले आणि गेले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला धावलो. परत आलो तेव्हा मोठीमायचे डोळे उघडे होते.

"पोरी, पाहुनीनं किती रोज राहावं?"

"असं काऊन म्हनतेस माय? तुह्या पायासाठीच बोलली ना मी."

"मालूम आहे मले. पन मले माह्या घरी नेऊन दे."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, आईने भांडून तिला ठेवून घेतलं असतं. संध्याकाळी बाबांनी आणि मी खाट उचलली, गल्ली ओलांडली. मागून आई उशी घेऊन उघड उघड रडत येत होती.

पैसे मिळाले, ऑपरेशन झालं, मोठीमाय चालायला लागली. ती आमच्याकडे यायची, हसायची, चहा प्यायची. फक्त आधी अंगणात थांबून विचारायची, "येऊ का?"