अबोलीचा गोळा

दुपारचे तीन वाजलेत आणि शालनचा डोळा लागतोय न लागतोय असं चाललंय. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीपासून चार हातांवर, गोणपाट टाकून ती आडवी झालीय. सकाळीच तिनं गोळा निववायला ठेवलाय. कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायचे काचेचे गोळे असतात ना, पोटात फूल असलेले, तो. लोक कागदावर कशाला ठेवतात म्हणा! पुण्याचे शौकीन घेऊन जातात आणि काचेच्या कपाटात मांडतात. तर असा ताजा गोळा एकदम वाऱ्यावर ठेवला की तडकलाच. म्हणून वेगळ्या बंद भट्टीत एक दिवस नि एक रात्र त्याला हळूहळू निवू द्यायचं, आणि तोवर दाराची कडी काढायची नाही. ह्या धंद्यातला एवढा एक नियम, आणि नेमका तोच शालननं मोडला होता.

गेल्या वर्षीची गोष्ट. सासरे तातोबा कासार यांचा हात थरथरायला लागला होता, तरी महिनाभर तापल्या काचेची एकेक पाकळी ओढून त्यांनी अबोलीचा गोळा केला. शालनला राहवलं नाही. संध्याकाळी तिनं तापलेली कडी पदरानं धरून दार जरासं किलकिलं केलं, तर गोळा मधोमध तडकलेला. चौथ्या दिवशी तातोबा गेले. तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलल्या त्या सासूबाई, आणि अजून बोलतच आहेत. भाजी खारट झाली तरी गाडी गोळ्यावर येते. आज शालननं वर्षानंतर पहिल्यांदा अबोली केलीय, मग तिला चैन कसं पडावं? कूस बदलते, उठून बसते, कडीकडे बघते, पुन्हा पडते.

"निवला का गं?"

एसटी स्टँडचा बाक आहे. तातोबा बसलेत, मांडीवर कापडी पिशवी. मामंजी गेलेत हे शालनला चांगलं ठाऊक आहे, पण तसं तोंडावर म्हणणं बरं दिसणार नाही. अजून निवायचाय, उद्या सकाळी काढू, एवढंच सांगते. तातोबा म्हणतात, तोवर माझी गाडी निघून जाईल. कुठली गाडी, ते सांगत नाहीत. पिशवीतून एकेक गोळा काढून तिच्या ओंजळीत ठेवत राहतात. एकातही फूल नाही, नुसते बुडबुडे. ओंजळ भरते, तरी ते थांबत नाहीत.

पायाखालची फरशी तापते. स्टँड कुठला, हे तर स्वयंपाकघर, आणि ओट्यावर शेगडीच्या जागी निववणीची भट्टी. तातोबा तिच्याभोवती येरझाऱ्या घालतात.

"उघड की जरा. एकदाच बघतो."

"नाही, मामंजी."

"माझा जीव थांबत न्हाई गं. त्या दिवशीबी थांबला न्हाई."

शालन विचारते, कुठल्या दिवशी? तातोबा मान खाली घालतात. स्वयंपाकघराच्या भिंतीतून नदी वाहायला लागलीय, आणि दोघं घाटाच्या पायरीवर बसलीत. भट्टी त्यांच्या मधे.

"तू सांजच्याला उघडलंस. मी दुपारीच उघडलं हुतं. तडा मीच पाडला. गुपचूप कडी लावली आन् झोपेचं सोंग घेतलं."

शालनच्या अंगाची लाही लाही होते. वर्षभर ती घरात चोरासारखी वावरलीय. ह्यांच्या फोटोला हार घालायचा झाला तरी नवऱ्याला पुढं करते. आणि हे गृहस्थ पिशवी घेऊन गाडीची वाट बघतात! ती सगळं सगळं त्यांना सुनावते. रडतेही. तातोबा ऐकून घेतात. म्हणतात, आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, मग दिवसच उरले नाहीत. आता तूच सांग तुझ्या सासूला.

"तुम्हीच सांगा. त्यांच्या स्वप्नात जा."

"तिची भीती वाटती."

रडता रडता शालनला हसू येतं. तेवढ्यात घाटावरच गाडीचा भोंगा वाजतो, आणि म्हातारा झटक्यात कडीला हात घालतो. काय ती ताकद! शालन झेप घेते, त्यांच्या हाताखालून कडी मुठीत धरते. चटका बसतो तरी सोडत नाही.

"हा माझा गोळा आहे, मामंजी. बघायचा तर उद्यापर्यंत थांबा."

तातोबांची पकड सैल होते. "थांबतो," म्हणतात.

शालन भट्टीपुढे उभी आहे. शेडच्या दारातून तिरकं ऊन आत आलंय. गोणपाट मागे पडलंय, कधी उठून इथवर आली तिला ठाऊक नाही. कडी जागच्या जागी आहे आणि तिच्या मुठीत आहे. ती मूठ उघडते. तळहातावर आडवी लाल रेघ उठलीय, टम्म फुगत चाललेली.

चहाला बोलवायला आलेल्या सासूबाई दारातच थबकतात.

"पुन्हा उघडलंस?"

"नाही, आत्या. बंद धरून ठेवलं."

मामंजींचं नाव तिच्या ओठांवर येतं. पण स्वप्नातली साक्ष कोण धरणार? ती ते गिळते. सासूबाई कुंडीतली कोरफड मोडून आणतात, तिचा हात ओढून उजेडात धरतात, आणि मग गर लावायचं विसरून नुसत्या बघत राहतात.

"अश्शीच रेघ त्यांच्या हातावर हुती," त्या म्हणतात. "शेवटचं पाणी पाजताना हात हातात घेतला, तवा बघितली."

म्हणजे आधी मामंजींनीच कडी काढली, हे वर्षभर सासूबाईंना माहीत होतं. मग मला का बोलत होतात, ती विचारते.

सासूबाई रेघेवर गर लावतात. फुंकर घालतात. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नाही.

"गेलेल्या माणसाला कसं बोलू गं, शालन?"