अख्खं पाकीट, एक लिटर

चंद्रकलाबाई दारातून आत आल्या की कुणाला "कसं काय" विचारत नसत. चप्पल काढता काढताच त्यांचा पहिला प्रश्न असे, "पोरगं मुतलं का?" जिंतूरकडच्या त्या गावात मी शाळेवर नवा रुजू झालो होतो आणि गावात घरोघर फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या या आशाताईंचं हे बोलणं मला फारच उघडंवाघडं वाटलं होतं. जुलाब लागलेल्या लेकराच्या अंगात पाणी उरलंय की नाही, ते या एका प्रश्नात कळतं, हे मला फार उशिरा समजलं.

त्या कायम दमलेल्या असत. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की घरोघर जुलाब आणि यांची पायपीट. प्रत्येक घरात एक आजी असायची आणि तिचं एकच म्हणणं असायचं: लेकराचं पाणी तोडा, जुलाब आपोआप थांबतो. चंद्रकलाबाई म्हणत, "गळका रांजण भरतच ऱ्हावं लागतंय, आजी. जेवढं गेलं तेवढं घाला." हे त्या इतक्या थकल्या आवाजात म्हणत की आजीलाच त्यांची कीव येई.

माझ्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब लागले तेव्हा त्यांनी सकाळी ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेची, पाकिटं आणून दिली. "अख्खं पाकीट, एक लिटर पाणी, उकळून गार केलेलं," असं दोनदा बजावलं. मी शाळेच्या घाईत मान डोलावली. मग वाटलं, एवढंसं पोर लिटरभर कुठलं पिणार? अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं. औषध जितकं कडक तितका गुण लवकर, हे माझं शिकलेलं डोकं.

दुपारी त्या आल्या तेव्हा जुलाब वाढले होते आणि पोर मलूल पडलं होतं. त्यांनी पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि पेला अंगणात पालथा केला. "गुरुजी, निव्वळ मीठ पाजायलाव की लेकराला." मला तोंड लपवावंसं वाटलं.

त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले, लिटरभर पाण्यात नवं पाकीट कालवलं. "गाडी सांगून ठेवा. डोळे फिरवले न्हाईतर चमचा तोंडात घेईना झालं, तर मला इचारत बसू नका, दवाखान्यात निघा." मग चमचा चमचा सुरू झालं. मधूनमधून बायकोला अंगावर पाजायला लावत. पोर ओकलं, मी घाबरलो. "ओकू द्या. धा मिनिटं थांबा, मग परत." माझा हात तासाभरात भरून आला. त्यांचा चालूच होता.

दिवेलागणीला पोर त्यांच्या मांडीवर मुतलं. त्यांनी ओल्या लुगड्याकडे पाहिलं, भिंतीला टेकून डोळे मिटले. "झालं," एवढंच म्हणाल्या.

निघताना त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी सांगू सांगू दमले. माझं कुणी मनावर घेत न्हाई. तुमची चूक तुमी शाळंत आयांपुढं सांगा. तुमचं ऐकतील."

मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. पालकसभा येत, मी हजेरीवर बोले, गणवेशावर बोले, आणि ऐन वेळी जीभ अडे. मास्तरच अडाणी निघाला, असं गाव म्हणेल याची मला भीती होती. ज्या बाईला एकेक गोष्ट शंभरदा सांगायची सवय, तिनं मला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली नाही. रस्त्यात भेटल्या की पोराची चौकशी करत आणि पुढे जात. असे तीन उन्हाळे गेले.

गेल्या थंडीत चंद्रकलाबाई झोपेतच गेल्या. त्यानंतरच्या पालकसभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं: पाकीट, पेला, माझी अक्कल. कुणी हसलं नाही. मागच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "यात नवं काय हाय, गुरुजी? चंद्रकला घरोघर हेच सांगायची. म्हणायची, माझ्याच हातून येका लेकराला असं पाजलं गेलं, मरता मरता वाचलं. तुमी तसं करू नका. तवापासून आमी लिटरानंच कालवतोत."

मला खाली बसता येईना.

"आजी," मी म्हणालो, "ते तिनं नाही पाजलं. मी पाजलं होतं."