पशाच्या रिकाम्या टेबलावरचे ठोके

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतोय. बायको म्हणते, लोक जेवताना टीव्ही लावतात, तुम्ही भुतं लावता. आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, तिथे रात्री दिसणाऱ्या बाईच्या गोष्टी लहानपणापासून ऐकतोय. कॉलेजात असताना पैजेवर अमावास्येला त्या बनात बसून मी दोन भुर्जीपाव खाल्ले आणि डासांशिवाय मला कोणी चावलं नाही. तेव्हा मी कुठल्या गटातला, हे लक्षात घ्या. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची.

आधी जागा सांगतो. चिंचणीहून वरोरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं घर. मागे चिकूची आठ-दहा झाडं, आणि घराला लागून पत्र्याची लांबट पडवी – हाच आमचा कारखाना. आम्ही डाय बनवतो. म्हणजे तुमच्या घरातल्या बायका इमिटेशनचे जे झुमके, पेंडंट घालतात, त्याची नक्षी आधी पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नी-हातोडीने उलटी कोरावी लागते, मग त्यावर पितळेचा पत्रा दाबला की दागिना उठतो. आमच्या भागात घरोघर हा धंदा आहे. हल्ली कॉम्प्युटरवरच्या मशीन आल्यात, पण बारीक काम अजून हातानेच होतं. वडिलांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला, प्रशांतला – आमच्या पशाला – एकाच वर्षी बसवलं. मी सोळाचा, तो नऊचा.

या धंद्यात एक गंमत आहे. चपलेच्या आवाजावरून घरचा माणूस कळतो ना, तसं ठोक्यावरून कारागीर कळतो. पशाचा हात असा – पाच-सहा ठोके भराभर, मग थांबणार, फूऽऽ करून तोंडाने लोखंडाचा कीस उडवणार, आणि मग एकच हलका ठोका. कीस डोळ्यात जातो म्हणून वडील ओरडायचे. ब्रश आणून दिला होता. पठ्ठ्याने फुंकर काही सोडली नाही.

विसाव्या वर्षी तो सैन्यात गेला. वडील वारले, मी धंदा धरला. पडवीत खिडकीजवळ त्याचं टेबल तसंच ठेवलंय, गोणपाट घालून.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पशा महिन्याच्या रजेवर आला. पोस्टिंग वर उत्तरेला, बर्फात. तो आला आणि मला पहिल्या दिवशीच काहीतरी खटकलं. बोंबील ताटात तसेच. झोप नाही. भर दुपारी किनाऱ्यावर उन्हात जाऊन बसायचा. आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. "पोराला नजर लागली हाय कुनाची तरी," म्हणाली. मी तिची टिंगल केली. म्हटलं, एवढ्या लांब बर्फात नजर लावायला कोण गेलं होतं, चिंचणीची म्हातारी?

जायच्या चार दिवस आधी तो पडवीत माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. कारागीर जेवायला गेले होते. म्हणाला, "दादा, माज्यासोबत तंबूत होता ना, तो सातारचा... त्याने आत्महत्या केली. सहा महिने झाले. मी बाजूलाच झोपलेला. तेव्हापासून डोकं थांबत नाय. कधी कधी वाटतं, आपण पन सुटावं. तिकडे डॉक्टर हाय, जाऊन सांगू काय त्याला?"

मी हातातली छिन्नी खाली ठेवलीसुद्धा नाही. हे मी मुद्दाम लिहितोय.

तेव्हा त्याचं लग्न ठरत होतं, वाणगावच्या मुलीशी. उन्हाळ्यात साखरपुडा. मी म्हटलं, "वेडा झालास? सांगितलंस तर पहिली हातातली बंदूक काढून घेतील. मग कागदावर शिक्का. वाणगावला काय सांगू मी? मुलगा डोक्याच्या डॉक्टरकडे जातो? गप तिकडे जा, कामात राहा, लग्न झालं की सगळं ठीक होतं." तो म्हणाला, "बरं." एवढंच. आणि उठून चिकूला पाणी घालायला गेला. मला वाटलं, चला, समजावलं. आईच्या मिठाला हसणारा मी, मी तरी दुसरं काय केलं होतं? आपलं ठेवायचं झाकून, हे एकच औषध मला माहीत.

चौथ्या दिवशी त्याला बोईसरला गाडीत बसवून आलो. नंतर दर रविवारी फोन यायचा. जेवलो, थंडी आहे, सगळं ठीक. दोन मिनिटांत संपायचा. आई म्हणायची, "आवाज पोकळ वाटतो रे." मी म्हणायचो, नेटवर्क.

आता तो दिवस. मार्चमधला शुक्रवार. बोईसरच्या एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, आमचीही तीच. त्या दिवशी लाइटही गेलेली. त्यामुळे मशीन बंद, पंखा बंद, कारागीर कोणी नाही. सकाळचे साडेअकरा. मी एकटा पडवीत बसून एका डायची कड कानशीने साफ करत होतो.

ठक-ठक-ठक-ठक-ठक. थांबलं. मग एकच, हलका... ठक.

मी कानस थांबवली. आवाज नाही. वाटलं, शेजारच्या पाटलांकडे काही चाललं असेल. परत कानस लावली. परत तेच. या वेळी मधली फुंकरही ऐकू आली. आवाज खिडकीकडून येत होता, दहा-बारा फुटांवरून. तिथे गोणपाट घातलेलं टेबल, त्यावर रिकामी खोकी. मी बघतोय आणि ठोके पडतायत. गोणपाट हलत नाही, खोकं हलत नाही. तरी स्वतःला सांगत होतो, उंदीर असेल, पत्रा तापून वाजत असेल.

तेवढ्यात बायको, संगीता, चहा घेऊन दारात आली आणि हसून म्हणाली, "अय्या, पशाभावजी कधी आले? सांगितलं पन नाय!"

मी कानशीनेच खिडकीकडे दाखवलं. तिने टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कप तिने तिथेच जमिनीवर ठेवला. म्हणजे कानाचा भ्रम नव्हता, निदान माझ्या एकट्याचा नव्हता. मी उठून टेबलाजवळ गेलो तसे ठोके थांबले. गोणपाट काढलं. धूळ. हातोडी पेटीत, पेटीला कडी.

मागून आई आली. तिला कानाने कमी ऐकू येतं, ठोके तिने ऐकलेच नव्हते. संगीताने सांगितलं तशी ती मटकन खाली बसली. "माजा पोर गेला," असं म्हणत रडायला लागली. मी ओरडलो तिच्यावर. मोबाइलवर बातम्या पाहिल्या, सीमेवर काही नव्हतं. पशाला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. नाही उचलला. त्यातही विशेष काही नाही, ड्युटीवर असला की तो उचलायचा नाही. संगीता म्हणाली, "परवा रविवार हाय, करतील भावजी." मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

आणि ठोके पुन्हा सुरू झाले.

या वेळी ते वेगळे होते. मध्ये थांबणं नाही, फुंकर नाही, हलका ठोका नाही. सलग, घाईघाईने, एकावर एक. मी वीस-बावीस वर्षं या धंद्यात आहे. असा हात कधी चालतो ते मला माहीत आहे. कारागीर थकला की, कामाला विटला की, आता चांगलं-वाईट काही नको, एकदाचा हा तुकडा संपवायचा – तेव्हा. अशा वेळी छिन्नी घसरते, डाय फुकट जाते, बोट जातं.

आमच्या पडवीत त्यावर वडिलांची एकच रीत होती. असा हात ऐकू आला की ते आपल्या जागेवरून उठायचे, काही न बोलता त्या माणसाच्या हातातून हातोडी काढून घ्यायचे आणि त्याला आपल्या शेजारी बसवून चहा द्यायचे. का, कशाला, कोणी विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी हातोडी परत. यात कोणाला लाज वाटायची नाही, माझी स्वतःची चार-पाच वेळा काढून घेतली असेल. मी आजही माझ्या कारागिरांची घेतो.

आणि माझ्या भावाला मी सांगितलं होतं – बोलू नकोस, बंदूक काढून घेतील.

ते डोक्यात आलं आणि मी घरात धावलो. कपाटाच्या दाराला आतून एक नंबर चिकटवलेला होता, त्याच्या सुभेदार साहेबांचा. घरात कोणाचं बरंवाईट झालं तरच लावायचा, असं पशाने बजावलेलं. मी नंबर डायल केला आणि थांबलो. काय सांगणार होतो मी? आणि तो तिकडे खुशाल भाजी चिरत बसला असेल तर? मग माझ्या एका फोनने त्याची नोकरी, बढती, वाणगाव, सगळंच गेलं. सख्ख्या भावाने कायमचं वेडा ठरवला, असं तो जन्मभर म्हणेल. तिकडे पडवीत ठोके चालूच. संगीता म्हणाली, "लावा ना! वाट कसली बघता?"

लावला. पलीकडे भारी आवाज. माझं हिंदी बोईसरच्या रिक्षावाल्यांशी बोलण्यापुरतं. म्हटलं, "साहब, मैं प्रशांत का बडा भाई. उसके हाथ में हथियार होगा तो ले लो. उसको अकेला मत छोडो. वो बीमार है, दो महिने पहले मुझे बोला था, मैंने ही छुपाने को बोला." एका दमात बोललो. साहेबांनी ऐकून घेतलं. मग फक्त, "आप फोन खाली रखिए. मैं करता हूं."

फोन ठेवला आणि लक्षात आलं – ठोके थांबलेत.

ती चाळीस मिनिटं मी कोणाला सांगू शकत नाही. कारण थांबलेत म्हणजे काय? कारागीर दोन वेळा थांबतो. कोणी हातोडी काढून घेतली की, नाहीतर तुकडा संपला की. मी त्या टेबलासमोर जमिनीवर बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, वाज रे, एकदा वाज. भुताखेतांना हसणारा माणूस रिकाम्या टेबलाला हात जोडत होता. आई पदराने तोंड दाबून बसलेली. संगीता फोन हातात धरून उभी, बॅटरी सोळा टक्के, आणि लाइट नाही म्हणून ती स्क्रीन सारखी बंद करत होती.

बारा चाळीसला फोन वाजला. "मिल गया. मेरे पास बैठा है. चाय पी रहा है." आणि मग जरा खालच्या आवाजात, "अच्छा किया आपने. टाइम पे किया."

तो कुठे सापडला, काय करायच्या तयारीत होता, ते मला नंतर कळलं. ते मी इथे लिहिणार नाही. फार वेळ उरला नव्हता, एवढंच.

पुढचं थोडक्यात. त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तीन महिने. गोळ्या सुरू झाल्या, बोलायला एक डॉक्टर मॅडम होत्या, त्यांचं तो फार ऐकतो. बंदूक काढली, मेडिकल कॅटेगरी खाली आली, आता स्टोअरच्या कामावर आहे. वाणगावच्या लोकांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि आठ दिवसांनी नकार कळवला. ज्या नकाराला मी एवढा घाबरत होतो तो आला, आणि आभाळ कोसळलं नाही. आई दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. पशाला सांगितलं तर म्हणाला, बरं झालं, बिचारीला खोटं सांगून आनलं नाय.

दिवाळीला तो सिक लीव्हवर घरी आला. बोंबील मागून घेतले. चौथ्या दिवशी गोणपाट काढून स्वतःच्या टेबलावर बसला, हाताची सवय गेली होती, दोन ठोकळे वाया घालवले. मग मी त्याला ते सगळं सांगितलं. ठोके, फुंकर, वहिनीचं "कधी आले". मला वाटत होतं तो म्हणेल, हो दादा, त्या वेळी मला पडवी दिसत होती, वडील दिसत होते... असं काहीतरी. म्हणजे मलाही एक उत्तर मिळालं असतं.

त्याने ठोकळ्यावरचा कीस फुंकून उडवला. म्हणाला, "नाय दादा. खरं सांगतो, तेव्हा मला घर आठवतच नव्हतं. तुमी कोनीच नाय."

मग कुठून आले ते ठोके? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली म्हणावं, तर कावळा मी आणि संगीताने, दोघांनी ऐकला. पत्रा, उंदीर, शेजारी, सगळं तपासून झालंय. पाटलांकडे त्या दिवशी कोणी घरीच नव्हतं. त्यानंतर पुन्हा कधी आवाज आला नाही, आणि शुक्रवारी मी मुद्दाम एकटा तिथे बसतो.

पण तेव्हा पशाने आणखी एक विचारलं. रागाने नाही, खरंच कळून घ्यायला विचारावं तसं.

"दादा, टेबलावर कोन नसताना तुला ऐकू आलं. आनि मी तुज्यासमोर स्टुलावर बसून तोंडाने सांगत होतो, तेव्हा?"