पंचाक्षरीच्या वहीतली कोरी ओळ

कागलच्या वाटेवर, रस्त्यापासून बरीच आत, एका उघड्या माळावर पत्र्याची एक खोली होती. आत शिशाच्या विटांचा ढीग, विटांच्या वर-खाली लांब नळ्या आणि कडेला आकडे पळवणारी एक पेटी. आभाळातून बारीक कण येतात, पत्र्यातून, माणसाच्या डोक्यातून आरपार जातात आणि ही पेटी ते मोजते. त्यांना विश्वकिरण म्हणतात, असं तवनाप्पा मगदूम सरांनी पंचाक्षरीला पहिल्याच दिवशी सांगितलं. साल १९९१. गडहिंग्लजकडचा हा दहावी पास गडी परिचर म्हणून नुकता लागला होता. त्यानं टोपी काढून डोकं चोळलं आणि विचारलं, दुखत न्हाय न्हवं?

सर पोट धरून हसले. तिथंच दोघांचं जमलं.

काम सोपं, पण चुकवायचं नाही असं. दर तासाला पेटीचा आकडा आणि हवेचा दाब बघायचा आणि वहीत लिहायचा. हवा जड झाली की कण कमी पोचतात, हलकी झाली की जास्त. त्यामुळं दाबाचा आकडा नसेल तर पेटीच्या आकड्याला काडीची किंमत नाही. दिवसपाळी पंचाक्षरीची, रात्रपाळी ज्ञानूची. पंचाक्षरी घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून बसायचा. जेवणाचा डबा उघडा राहील, पण आकडा राहणार नाही.

आणि मग त्र्याण्णव सालची खंडेनवमी आली. सर कामानं पुण्याला गेलेले. आता आमच्याकडं खंडेनवमीला कोयता, नांगर, सायकल, शिलाई मशीन, जे म्हणून राबतं ते पुसून त्याला हळदकुंकू लावतात, आणि त्या दिवशी त्याला काम सांगत नाहीत. पंचाक्षरीच्या मनात आलं, वर्षभर हे यंत्र रात्रंदिवस राबतंय, याचं कोण करणार? सकाळी आठला त्यानं बटण बंद केलं. एकेक वीट फडक्यानं पुसली, पेटीला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. संध्याकाळी सहाला हात जोडून पुन्हा चालू केलं. कसा प्रसन्न वाटत होता त्याला तो दिवस!

ज्ञानू पाळीवर आला, खोबरं तोंडात टाकलं आणि माळ बघून कपाळावर हात मारला. सरांची सात महिन्यांची सलग नोंद होती, अरे देवा, एका दिवसात मोडली की! पंचाक्षरीला दरदरून घाम फुटला. ज्ञानूनं लगेच उपाय काढला. कालचे आकडे जरा खालीवर करून भरून टाक, सरांना कुठं कळतंय? पंचाक्षरीनं पेन उचललं. दहा रकान्यांतून आडवी रेघ मारली आणि लिहिलं: खंडेनवमी. यंत्र बंद ठेवले. पूजा केली. खाली सही.

तिसऱ्या दिवशी सर आले. बारावीतली त्यांची लेक अपूर्वा बरोबर होती. वही बघून सर असे भडकले की माळावरची मेंढरं पांगली असतील. अर्धा तास ते बोलत होते आणि पंचाक्षरी मान खाली घालून ऐकत होता. नोकरी गेलीच म्हणून त्यानं मनाशी गावाकडच्या एसटीची वेळही आठवून ठेवली. मग सर दमून विटांवर बसले आणि वही पुन्हा उघडून पानं चाळू लागले.

"चुकलेला आकडा मला शोधता येतो, पंचाक्षरी," ते म्हणाले. "खोटा नाही येत. ही ओळ तू कोरी ठेवलीस, म्हणून बाकीच्या वहीवर माझा विश्वास आहे."

अपूर्वा दारात उभी राहून प्रसादाचं खोबरं खात हे सगळं ऐकत होती.

नव्याण्णव साली सर निवृत्त झाले, खोली बंद पडली. पंचाक्षरी कागलच्याच पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत स्टोअर सांभाळायला लागला. संसार बरा चालला होता. आणि दोन हजार तीनमध्ये रत्नव्वाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, गालाच्या आत गाठ निघाली. लग्नाआधीपासूनची मिश्री नडली. किरणांचा शेक झाला, तोंड सोललं, चव गेली. आठ महिन्यांनी गाठ पुन्हा उठली, सुपारीएवढी. डॉक्टरांनी आणखी शेक द्यायला नकार दिला, आणि शेकलेल्या जागी इतकी मोठी गाठ कापताही येईना.

पंचाक्षरीनं थेट सरांचं घर गाठलं. सरांनी लेकीला फोन लावला. अपूर्वा आता कॅन्सरची डॉक्टर, कोल्हापुरातल्याच एका दवाखान्यात. तिथं एका नव्या उपचाराचा अभ्यास चालू होता. तिनं दोघांना समोर बसवून समजावलं. पेशीला वाढू नको म्हणून सांगणारं एक जनुक असतं, लगामासारखं. काकूंच्या गाठीत तो लगाम तुटलाय. सर्दीच्या विषाणूला लंगडं करून, त्याच्या पाठीवर चांगलं जनुक लादून, ते सुईनं गाठीत सोडायचं. दर सोमवारी एक, अशी सहा इंजेक्शनं. गुण येईलच असं नाही, हेही तिनं स्पष्ट सांगितलं. रत्नव्वा म्हणाली, सोडा सोडा, घाबरतंय कोण.

अट मात्र कडक होती. ताप चढून जंतुसंसर्गाचा संशय आला तर पेशंट अभ्यासाबाहेर. नर्स दिवसातून दोनदाच ताप बघायची, म्हणून सुई नऊला दिली की रात्री आठपर्यंत दर तासाचा ताप नातेवाइकानं लिहायचा होता. वही हातात पडली तेव्हा पंचाक्षरीला माळावरची खोली आठवली.

पहिल्या सोमवारी दुपारी ताप शंभरवर गेला. दुसऱ्या सोमवारी एकशे एक. वॉर्डातल्या मावशी, बनाबाई, मायेनं कानाशी लागल्या.

"पावणं, शंभरच्या आत लिवा. न्हायतर काढून टाकतील बाईला."

तिसऱ्या सोमवारी दोन वाजता पारा एकशे दोनच्या वर गेला. पंचाक्षरीनं वही उघडली. बायको राहणार की जाणार, हे आता या एका आकड्यावर होतं, आणि आकडा त्याच्या हातात होता. एक रेघ बदलली की झालं. रत्नव्वा डोळे मिटून पडली होती, पण तिला नवरा पुरता ठाऊक होता.

"लिवा की," ती म्हणाली. "तुमास्नी खोटं लिवाय कुठं येतंय?"

त्यानं लिहिलं. एकशे दोन पॉइंट चार. आणि बाहेर जाऊन जिन्यात रडला.

अभ्यासावर देखरेख करणारे डॉक्टर त्याच आठवड्यात पुण्याहून आले. तापाचा आकडा बघून त्यांनी बाईंना काढा म्हणून सांगितलं. अपूर्वानं वही पुढं केली. तिन्ही सोमवारी ताप बाराला चढायला लागतो, दोनला टोकाला जातो, आठपर्यंत आपोआप उतरतो, मधले सहा दिवस काही नाही. संसर्ग असा घड्याळ बघून येत नाही, हा औषधाचा ताप आहे. पुण्याचे डॉक्टर काही वाईट नव्हते, पण अनुभवी होते. नातेवाइकांच्या वह्या एका बैठकीत भरलेल्या असतात, असं ते म्हणाले.

अपूर्वानं दुसऱ्या सोमवारचं पान काढलं. चारच्या रकान्यात रेघ होती आणि पुढं लिहिलं होतं: डोळा लागला. ताप घेतला नाही.

"खोटं लिहिणारा माणूस हा रकाना भरतो, सर," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी यांनी सरकारी वहीत पूजा केली म्हणून लिहिलेलं मी बघितलंय."

नर्सनं संध्याकाळी पाचला घेतलेले आकडे वहीशी ताडून पाहिले, ते जुळले. रक्त तपासलं, त्यात संसर्ग नव्हता. चौथ्या सोमवारी पुण्याच्या डॉक्टरांनी स्वतः खुर्ची टाकून दर तासाला ताप घेतला. बाराला चढला, दोनला टोकाला गेला, आठला उतरला. रत्नव्वा अभ्यासात राहिली. सहा सुया पुऱ्या झाल्या तेव्हा गाठ हरभऱ्याएवढी झाली होती, आणि तेवढी मग कापून काढता आली.

दवाखान्यानं पुढं प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना वही द्यायचा नियमच केला. तिच्यात एक जादा रकाना छापला: राहिलं असल्यास कारण. रत्नव्वाची तब्येत, आपला लागलेला डोळा, सरांचं ते विटांवर बसणं, सगळं पंचाक्षरीला त्या रकान्यात दिसायचं.

दोन हजार पाचच्या खंडेनवमीला रत्नव्वानं पाटावर कोयता, विळी, सायकलची किल्ली मांडली आणि मधोमध तापमापक ठेवला. आज याला काम न्हाय, म्हणाली. पंचाक्षरीनं हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग तापाची जुनी वही काढून सवयीनं आडवी रेघ मारली.

खंडेनवमी. ताप घेतला नाही. गरज नव्हती. पूजा केली.